वाचकांचे प्रश्न : बार्बाडोसला पहिल्यांदा जाताना

कॅरिबियन बेटांवरच्या पहिल्या सहलीबद्दल आलेल्या पत्रांत सर्वाधिक प्रश्न बार्बाडोसचे आहेत. म्हणून या वेळी फक्त त्याच बेटाबद्दल. प्रश्न थोडक्यात दिले आहेत. उत्तरं मात्र गरजेप्रमाणे लांब-आखूड झाली आहेत.

प्रश्न : रिसॉर्ट नेमकं कुठे घ्यावं? वेबसाइटवर सगळेच किनारे निळे आणि सगळीच वाळू पांढरी दिसते.

बाकी सगळं नंतर ठरवा, आधी किनारा ठरवा. बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे, पण त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे समुद्र आहेत. पश्चिमेला कॅरिबियन आणि पूर्वेला अटलांटिक. वारा जवळपास वर्षभर पूर्वेकडून येतो. त्यामुळे पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला राहतो, तर पूर्व किनाऱ्यावर आफ्रिकेपर्यंत मध्ये काहीच आडवं नसल्याने लाटा थेट येऊन आदळतात.

पश्चिम किनारा म्हणजे होलटाऊन, पेन्स बे, मलिन्स हा पट्टा. पाणी बहुतेक दिवस शांत असतं, सूर्यास्त समुद्रात दिसतो, आणि सगळ्यात महागडी रिसॉर्ट्स इथेच आहेत. एक खोट आहे, ती जाहिरातीत नसते. इथली वाळूची पट्टी मुळातच अरुंद आहे. डिसेंबर ते मार्चमध्ये उत्तर अटलांटिकमधल्या वादळांची लाट खाली येते, तेव्हा काही ठिकाणी ती दोन-चार दिवस जवळजवळ नाहीशी होते. वाळू पुन्हा भरते, पण तुमची सुट्टी तेवढ्यात संपलेली असते.

दक्षिण किनारा म्हणजे रॉकली, वर्दिंग, डोव्हर आणि सेंट लॉरेन्स गॅप. इथे लाटा थोड्या जास्त असतात, वाळू रुंद आहे, हॉटेलं तुलनेने स्वस्त आहेत, आणि खाण्याची ठिकाणं व बस हाकेच्या अंतरावर. हेस्टिंग्ज ते रॉकली समुद्राला लागून लाकडी पायवाट आहे, सकाळी फिरायला तिच्यासारखी जागा नाही. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही दक्षिण किनाराच सुचवू. सोबत अगदी लहान मुलं किंवा पाण्याला घाबरणारं कुणी असेल, तर पश्चिम.

पूर्वेला बाथशेबा. बेटावरचा सगळ्यात देखणा भाग, पण पोहायचा नाही. तिथल्या 'सूप बोल' नावाच्या लाटेवर जगभरातले सर्फर येतात, यावरूनच काय ते समजा. ओहोटीला खडकांमध्ये साचलेल्या उथळ डबक्यांत बसायला हरकत नाही. एक दिवस जाऊन यावं, मुक्काम करू नये.

बुकिंग करताना 'ओशन व्ह्यू' आणि 'ओशनफ्रंट' यांत गल्लत करू नका. पहिल्यात बाल्कनीतून मान वाकडी करून समुद्राचा तुकडा दिसला तरी चालतो. दुसऱ्यात खोली समुद्रासमोर असते.

प्रश्न : ऑल-इन्क्लुझिव्ह (खोली, खाणं-पिणं सगळं एकाच दरात) घेतलं तर पैसे वाचतात का?

बार्बाडोसमध्ये बहुतेकदा नाही. ज्या बेटांवर रिसॉर्टच्या फाटकाबाहेर काही नसतं, तिथे ते सोयीचं. इथे मात्र रस्ता ओलांडला की उपाहारगृह आहे, बस आहे, बाजार आहे. आणि मुख्य म्हणजे बार्बाडोसमध्ये खासगी समुद्रकिनारा नसतो, सगळे किनारे सार्वजनिक आहेत. ज्या हॉटेलात एका रात्रीचे तुमच्या आठवड्याच्या बजेटइतके पैसे लागतात, त्याच्या समोरच्या वाळूवरही तुम्ही टॉवेल टाकून बसू शकता. खुर्च्या आणि छत्र्या हॉटेलच्या, वाळू सगळ्यांची. म्हणजे तुम्ही पैसे मोजता ते पलंगाचे, समुद्राचे नव्हेत.

दिवसाला तीन-चार कॉकटेल घेणारे दोघे असतील आणि रिसॉर्टमधून हलायचंच नसेल, तर हिशेब जमतो. दारू न पिणाऱ्या, शाकाहारी कुटुंबाने ऑल-इन्क्लुझिव्ह घेणं म्हणजे दुसऱ्यांच्या रमचं बिल भरणं. आमच्या मते अशा कुटुंबाने लहानसं स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट-हॉटेल घ्यावं.

तरीही घ्यायचंच असेल तर चार गोष्टी लेखी विचारा. 'आ ला कार्त' (मेनूवरून मागवायच्या) उपाहारगृहांत किती वेळा जेवता येतं? मोटरबोटीचे खेळ धरलेत का? (कायाक आणि छोटी शिडाची बोट बहुधा धरलेली असते, जेट-स्की नाही.) विमानतळावरून नेणं-आणणं आहे का? आणि खोलीवरचा कर, दर रात्रीचं शुल्क (लेव्ही) आणि सर्व्हिस चार्ज दाखवलेल्या किमतीत आहेत की हॉटेल सोडताना लागणार? शेवटचा प्रश्न बहुतेक लोक विसरतात आणि काउंटरवर वाद घालतात.

प्रश्न : व्हिसा लागतो का? आणि कोणत्या मार्गाने जावं?

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी बार्बाडोसचा व्हिसा आधी काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, मुक्कामाचा पत्ता आणि पुरेसा वैध पासपोर्ट हाताशी ठेवा. निघण्याआधीच्या दोन-तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावरचा इमिग्रेशन-कस्टम्सचा फॉर्म भरा. तो फुकट आहे. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं त्याचे पैसे घेतात, तेव्हा पत्त्याच्या शेवटी बार्बाडोस सरकारचं डोमेन आहे का ते बघा.

खरी अडचण मधल्या थांब्याची आहे. थेट विमान नाही, आणि सोयीचे बहुतेक मार्ग लंडन, अमेरिका किंवा टोरांटोवरून जातात. अमेरिकेत विमानतळाबाहेर पडायचं नसलं तरी व्हिसा लागतो, कारण तिथे पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन पार करून, सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं. कॅनडालाही ट्रान्झिटसाठी व्हिसा लागतो. ब्रिटनमध्ये विमानतळाच्या आतच विमान बदलायचं असलं तरी भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका किंवा कॅनडाचा वैध व्हिसा असेल तर काही अटींवर सूट मिळते.

लंडनमध्ये आणखी एक खाचखळगा आहे. स्वस्त तिकिटांत काही वेळा हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असतं. म्हणजे शहराबाहेरून बसने दुसरा विमानतळ गाठायचा. त्याला आतल्या आत बदलण्याचा व्हिसा पुरत नाही, देशात प्रवेश देणारा लागतो. तिकीट काढण्याआधी दोन्ही विमानतळांची नावं वाचा.

सहलीला त्रिनिदाद जोडणार असाल तर पीतज्वराची (यलो फीवरची) लस घ्या. भारताच्या यादीत त्रिनिदाद पीतज्वराचा प्रदेश म्हणून आहे. तिथून निघून सहा दिवसांच्या आत, प्रमाणपत्राशिवाय परत आलात, तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस किमान १० दिवस आधी घेतली तरच प्रमाणपत्र वैध होतं. फक्त बार्बाडोसला जाणाऱ्यांना याची गरज नाही.

प्रश्न : अमेरिकन डॉलर न्यावेत की तिथले?

दोन्ही चालतात, आणि गोंधळाचं मूळ तेच आहे. १९७५ पासून एका अमेरिकन डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर हा दर पक्का बांधलेला आहे. दुकानं, टॅक्सी, किनाऱ्यावरचे विक्रेते दोन्ही चलनं घेतात आणि दोन्हींना 'डॉलर'च म्हणतात. टॅक्सीवाला 'चाळीस डॉलर' म्हणाला तर ते कुठले? स्थानिक असतील तर अमेरिकन वीस. टॅक्सीला मीटर नसतो, म्हणून बसण्याआधी विचारायचं ते एकच : 'बार्बाडोसचे की अमेरिकन?' उतरल्यावर विचारलं तर उत्तर कोणाच्या सोयीचं येईल, ते सांगायला नको.

अमेरिकन नोट दिली तरी सुटे बहुधा स्थानिकच मिळतात. लहान अमेरिकन नोटा न्या, पन्नास-शंभराच्या मोडायला त्रास होतो. एटीएममधून बार्बाडोस डॉलर निघतात. ते बेटाबाहेर जवळपास कुठेच बदलून मिळत नाहीत, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांत हात आखडता घ्या. सप्तकोनी नाणं दिसलं तर तो एक डॉलर, बससाठी जपून ठेवा. उपाहारगृहाच्या बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज आधीच असेल, तर वेगळी टिप देण्याची सक्ती नाही.

प्रश्न : आम्हाला पोहता येत नाही. तरीही कासवं आणि बुडालेली जहाजं बघता येतील का?

येतील. राजधानी ब्रिजटाऊनलगतच्या कार्लाइल बे या उपसागरात बुडालेली सहा-सात जहाजं आहेत, आणि त्यांतली काही इतकी उथळ आहेत की वर तरंगत खाली पाहिलं तरी स्पष्ट दिसतात. त्यांतलं 'कॉर्नवॉलिस' १९४२ मध्ये जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने फुटलं होतं. कॅटमरान (जोडसांगाड्याच्या) बोटींच्या अर्ध्या दिवसाच्या सहलीत बहुधा एक थांबा कासवांचा आणि एक जहाजाचा असतो. लाइफ जॅकेट बोटीवर मिळतं. ते अंगात घालूनच उतरा, हातात धरून नव्हे.

पण पहिल्यांदाच मास्क आणि श्वासाची नळी (स्नॉर्कल) लावून थेट खोल पाण्यात उतरू नका. आदल्या दिवशी हॉटेलसमोर, छातीइतक्या पाण्यात उभं राहून सराव करा. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढा. हात सोडल्यावर तो चेहऱ्याला चिकटून राहिला तर माप बरोबर आहे, गळून पडला तर दुसरा मागा. मास्कच्या कडेखाली एकही केस नको. मिशी असेल तर पाणी झिरपणारच. मिशीच्या वरच्या कडेला थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं की झिरपणं कमी होतं. पट्टा आवळून उपयोग नाही, उलट कड वाकते आणि जास्त पाणी शिरतं. काचेवर धुकं धरू नये म्हणून आतून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळा आणि समुद्राच्या पाण्याने एकदाच खळबळा.

मग नळी तोंडात धरून, उभ्यानेच चेहरा पाण्यात घालून नळीतून वीस-पंचवीस सावकाश श्वास घ्या. नवखे घाबरतात ते इथेच. नळीत पाणी शिरलं की श्वास आत ओढतात. करायचं ते उलट : तोंडाने जोरात 'फू' करून पाणी वर उडवायचं, मगच श्वास. हे दोन-तीनदा जमलं की बोटीवर जा.

कासवांना हात लावू नका आणि चारू नका. बोटीवरून मासे टाकून त्यांना जवळ आणण्याची सवय लावली गेली आहे. त्यामुळे ती माणसांच्या हाताकडे झेपावतात, आणि कासवाच्या जबड्याची धार कमी नसते. साधारण मे ते ऑक्टोबरमध्ये हॉक्सबिल जातीच्या कासवांच्या माद्या रात्री वाळूत अंडी घालायला येतात. त्या काळात समुद्राकडच्या बाल्कनीचे दिवे मालवा, पडदे ओढा. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालत जाऊन रस्त्यावर मरतात.

लाल बावटा असेल तर गुडघाभर पाण्यातही जाऊ नका. समुद्राकडे ओढून नेणाऱ्या प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे धडपडू नका. तरंगत राहा, हात वर करा, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर सरका. प्रवाहाची पट्टी अरुंद असते. माणसं प्रवाहामुळे कमी आणि त्याच्याशी झुंजून दमल्यामुळे जास्त बुडतात.

प्रश्न : शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

हाल नाहीत, पण विचारल्याशिवाय खाऊ नये. 'राइस अँड पीज' मध्ये बऱ्याचदा तूर असते, हो, आपलीच, ओली. नाव शाकाहारी, पण भात शिजताना खारवलेलं डुकराचं मांस टाकण्याची पद्धत आहे. मॅकरोनी पायमध्ये चीज आणि बऱ्याचदा अंडं असतं. कू-कू हा मक्याचं पीठ आणि भेंडी घोटून केलेला, घट्ट उकडीसारखा पदार्थ. तो स्वतः शाकाहारी, पण वर फ्लाइंग फिशचा रस्सा ओतून देतात. 'विदाउट ग्रेव्ही' असं आधीच सांगा. 'मांस नको' एवढंच सांगितलं तर मासा येतो, कारण तिथे मासा मांसात मोजत नाहीत.

निर्धास्त खाण्यासारखं : रास्ताफारी लोकांचं 'आयटल' जेवण (मांस नाही, बहुधा मीठही नाही), भाजलेला नीरफणस, तळलेली पिकली केळी, आणि रोटीच्या दुकानांतली बटाटा-चण्याची रोटी. ही रोटी म्हणजे भाजी भरून गुंडाळलेली मोठी पोळी. चिकनच्या रश्श्याचाच डाव त्यात फिरत नाही ना, ते विचारा. मासे खाणाऱ्यांसाठी एक खुलासा : मेनूवर 'डॉल्फिन' दिसलं तर दचकू नका, तो माही-माही नावाचा मासा आहे. शुक्रवारी संध्याकाळी दक्षिण किनाऱ्यावरच्या ऑइस्टिन्स गावात भाजलेल्या माशांची जत्रा भरते. सातनंतर रांगा लागतात, सहाला पोचा आणि रोख पैसे न्या. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे. ते प्रवाळाच्या चुनखडकातून गाळून येतं, बाटल्या विकत घेऊ नका.

प्रश्न : ऑगस्टमध्ये हॉटेलं निम्म्याने स्वस्त दिसतात. काय गोम आहे?

चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि त्यातला जोर ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. बार्बाडोस इतर बेटांपेक्षा बरंच पूर्वेला असल्याने अनेक वादळं त्याच्या उत्तरेकडून निघून जातात. २०२१ च्या जुलैत 'एल्सा' आलं, तेव्हा १९५५ च्या 'जॅनेट' नंतर प्रथमच बेटावर चक्रीवादळ थडकलं. पण निर्धास्त राहू नका. २९ जून २०२४ ला भारताने इथे टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, आणि 'बेरिल' वादळामुळे विमानतळ बंद झाल्याने विजेता संघच बेटावर अडकून पडला होता. जगज्जेत्यांना विमान मिळालं नाही, तिथे आपलं काय. बेरिल दक्षिणेकडून गेलं तरी मच्छीमारांच्या बोटींचं अतोनात नुकसान झालं.

विमा तिकिटाबरोबरच काढा. वादळाला नाव पडल्यानंतर काढलेला विमा त्या वादळाचं नुकसान देत नाही.

स्वस्ताईचं दुसरं कारण सरगॅसम. २०११ पासून हे तपकिरी तरंगतं शैवाल साधारण मार्च ते ऑगस्टमध्ये पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यांवर ढिगाने येऊन पडतं. कुजल्यावर सडक्या अंड्यांचा वास सुटतो, आणि त्या वायूने चांदीचे दागिने काळे पडतात. पश्चिम किनारा यातून बहुतेक वाचतो. म्हणजे पावसाळी मोसमात जायचंच असेल तर पश्चिमेला राहा, दरही तेव्हा आवाक्यात येतात. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी क्रॉप ओव्हर उत्सवाची मोठी मिरवणूक असते. त्या आठवड्यात मात्र काहीच स्वस्त नसतं.

प्रश्न : गाडी भाड्याने घ्यावी का?

एखाद-दोन दिवस घ्या, आठवडाभर नको. वाहनं डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपल्याला सोपं. तुमच्या परवान्यावर तिथला पर्यटक परवाना घ्यावा लागतो, तो गाडी देणारी कंपनीच काढून देते. भाड्याच्या गाडीच्या नंबरात 'एच' असतो, त्यामुळे सगळ्यांना कळतं की चालवणारा पाहुणा आहे, आणि बरेच जण समजून घेतात. गाडीने जाण्यासारखं : उत्तर टोकाची ॲनिमल फ्लॉवर केव्ह, सेंट निकोलस ॲबी (उसाच्या मळ्यातला जुना वाडा), तिथून बाथशेबा. हॅरिसन्स केव्ह मध्ये आहे. आतले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना ऊस, पाट्या कमी. ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या.

बाकी दिवस बस. निळ्या सरकारी, पिवळ्या मिनीबस आणि पांढऱ्या 'झेडआर' व्हॅन. भाडं साडेतीन बार्बाडोस डॉलर, अंतर कितीही असो. निळ्या बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत. थांब्यावर 'टू सिटी' किंवा 'आउट ऑफ सिटी' लिहिलेलं असतं, ब्रिजटाऊनकडे की उलट, एवढंच बघायचं. झेडआरमध्ये संगीत कानठळ्या बसवणारं आणि माणसं कोंबलेली, पण सगळ्यात आधी तीच येते.

प्रश्न : ब्रिजटाऊनचं क्रिकेट मैदान केन्सिंग्टन ओव्हल बघण्यासारखं आहे का?

क्रिकेटवेड्याला सांगायची गरज नाही, इतरांना अर्धा तास पुरे. बाहेर गारफिल्ड सोबर्सचा पुतळा आहे. गोलंदाजीच्या दोन टोकांना माल्कम मार्शल आणि जोएल गार्नर यांची नावं दिली आहेत. खरा दर्दी असाल तर केव्ह हिलला विद्यापीठाच्या आवारातलं थ्री डब्ल्यूज ओव्हल बघा. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट या बार्बाडोसच्या तीन दिग्गज फलंदाजांच्या ('डब्ल्यू'वरून सुरू होणाऱ्या नावांच्या) समाध्या तिथे आहेत.

प्रश्न : सामानात काय हवं, काय नको?

लष्करी छापाचे कपडे नकोत. ठिपक्या-डागांचा तो हिरवा-तपकिरी नमुना बार्बाडोसमध्ये नागरिकांना वापरायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांची चड्डी किंवा पाठपिशवीही त्यात येते.

वीज ११५ व्होल्ट, पिना दोन चपट्या. मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरना फक्त ॲडॉप्टर पुरतो. २३० व्होल्टची किटली किंवा इस्त्री नेऊ नका, ती नीट तापणार नाही. वारा सतत असल्याने ऊन जाणवत नाही आणि कातडी सोलते. पूर्ण अंगाला एका वेळी साधारण ३० मिलिलिटर सनस्क्रीन लागतं, दर दोन तासांनी पुन्हा. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट त्याहून बरा. शहरात किंवा दुकानात पोहण्याच्या कपड्यांत जाऊ नये, आणि आत शिरताना 'गुड मॉर्निंग' म्हणावं. न म्हणता थेट किंमत विचारणं उद्धटपणा समजतात.

किनाऱ्यावर लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं लागलेलं झाड दिसलं तर त्यापासून दूर बसा. ते मँचिनील, फळ विषारी. बऱ्याच झाडांच्या बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो, पण सगळ्यांवर नाही. पावसात आडोसा म्हणून मुलं नेमकी त्याखाली धावतात आणि पानांवरून ओघळलेल्या पाण्याने अंगावर फोड येतात. असं झालं तर चोळू नका, भरपूर गोड्या पाण्याने धुवा. चीक डोळ्यांत गेला असेल तर धूत धूतच दवाखाना गाठा.